मुलं आणि उजेड (लेखांक ५) : शाळा सुटल्यावर उरतो किती दिवस?

गेल्या आठवड्यात मुलांच्या झोपेचा विचार केला. आज त्यांच्या जागेपणातल्या उजेडाचा करू. बुलढाणा जिल्ह्यात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सात वाजून गेल्यावर. साडेदहा ते पाच अशी शाळा असलेल्या मुलीचा हिवाळ्यातला दिवस बघा. पाचला घंटा होते, घरी पोहोचेपर्यंत सव्वापाच. दप्तर ठेवून, हातपाय धुऊन, चहाबरोबर दुपारची उरलेली पोळी खाऊन ती ओट्यावर येते तेव्हा ऊन भिंतीच्या वरच्या कडेला गेलेलं असतं. सहाला शिकवणी. म्हणजे दिवसभरातला तिचा स्वतःचा उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. मुलं खेळत नाहीत याचं खापर आपण सर्रास मोबाइलवर फोडतो. त्यात तथ्य आहेच, पण माझं म्हणणं असं की मोबाइल हातात येण्याआधीच खेळायची वेळ वेळापत्रकाने काढून घेतलेली असते.

उजेड आणि हालचाल यांचा संबंध नुसत्या अंदाजाचा राहिलेला नाही. २०१४ साली नऊ देशांतल्या तेवीस हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी एकत्र करून तपासल्या गेल्या. मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधलेलं होतं, त्यामुळे आईवडिलांच्या सांगण्यावर भिस्त नव्हती. संध्याकाळचा उजेड जितका लांबला तितकी मुलांची हालचाल थोडी वाढलेली आढळली, आणि पाऊस-थंडीचा हिशेब वजा करूनही फरक टिकला. मात्र हा फरक लहान होता आणि युरोप व ऑस्ट्रेलियातच तो सातत्याने दिसला. त्यामुळे घड्याळ पुढे सरकवा म्हणजे मुलं धावू लागतील, असा निष्कर्ष मी काढणार नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, आपल्याकडे घड्याळ तासभर पुढे नेलं होतं, ते दिव्यांची वीज वाचवण्यासाठी. आपल्याला घड्याळाला हात लावायची गरज नाही. उजेडाच्या वेळात आपण मुलाला कुठे बसवतो, एवढं बदललं तरी पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. वीस मिनिटांच्या उजेडात ती कशी बसणार?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आपल्याकडे उन्हाला काय तोटा? घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तिथे उजेडाची चिंता कसली? पण आकाशात ऊन असणं वेगळं आणि ते मुलाच्या अंगावर पडणं वेगळं. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या जवळपास एक चतुर्थांश मुलामुलींमध्ये ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. आहारासारखी इतर कारणं त्यात आहेत; पण सूर्याच्या देशात हा आकडा यावा, हे मनाला लागतं. डोळ्यांचंही तसंच. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांमध्ये प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर नेलं. तीन वर्षांत त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना लघुदृष्टिदोष झाला, तर इतर शाळांत सुमारे ४० टक्क्यांना. त्यासाठी रणरणतं ऊन लागत नाही. झाडाच्या सावलीतला उजेडही वर्गातल्या उजेडापेक्षा कित्येक पट जास्त असतो.

दुसरा आक्षेप शिक्षक घेतात, आणि तो जास्त वजनाचा आहे: अभ्यासक्रम पुरा करायचा की मुलांना मैदानावर सोडायचं? पण खेळाचा तास वेळापत्रकात आहेच, तो फक्त बहुतेक वेळा चुकीच्या जागी असतो किंवा गणिताला दिला जातो. डिसेंबरमध्ये बुलढाणा, चिखली, मेहकरकडे दुपारी बाराचं ऊन सोसवेल असं असतं. ‘ड’ जीवनसत्त्वासाठीही कलत्या उन्हापेक्षा तेच उपयोगी. म्हणून हिवाळ्यात खेळाचा तास मध्यान्हीच्या आसपास हवा, कारण संध्याकाळ हाती लागतच नाही. उन्हाळ्यात गणित उलटं होतं: शाळा सकाळची, दुपार घरात आणि साडेपाच ते सात हा वेळ खेळायला मोकळा. हिवाळ्याची जबाबदारी शाळेची, उन्हाळ्याची घरच्यांची, अशी ही सरळ वाटणी आहे.

मैदानावर मोठे दिवे लावा, असंही सुचवलं जातं. मुलग्यांना त्याचा उपयोग होईल. मुलींना मात्र दिवेलागणीच्या आत घरात यावं लागतं, आणि ज्ञानगंगेच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत अस्वलाच्या भीतीने कुणीच पोराला अंधारात बाहेर ठेवत नाही. शिवाय संध्याकाळी पाणी भरणं आणि स्वयंपाकाला हातभार हेही बहुतेक मुलींच्याच वाट्याला येतं. म्हणून शाळेच्या वेळातला खेळ भावाइतकाच बहिणीलाही मिळण्याची सर्वांत खात्रीची सोय आहे. तो तास गणिताला देताना नुकसान कुणाचं होतं, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावं.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत मैदान आणि सरकारी व अनुदानित शाळांत पालकांचा समावेश असलेली शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या शाळेच्या समितीपुढे दोन गोष्टी मांडा: संक्रांतीपर्यंत खेळाचा तास दुपारच्या सुट्टीला जोडून ठेवावा, आणि तो दुसऱ्या विषयाला देऊ नये. शिकवणी घेणाऱ्यांनाही सांगा, हिवाळ्यात वर्ग साडेसहाला सुरू करा.