शिकलेला शेजार

‘बोलेल हो, घाई काय आहे? त्याचा मामाही पाचव्या वर्षी बोलायला लागला.’ तीन वर्षांचं मूल हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर भिडवत नाही, खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक तासन्‌तास फिरवत बसतं, तेव्हा घरातलं पहिलं निदान बहुधा असं असतं. पुढे कधीतरी डॉक्टर स्वमग्नता म्हणतात आणि कागदावर स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी लिहून देतात. मुंबई-पुण्यात थेरपिस्टचा पत्ता तरी मिळतो, मग नंबर लागायची वाट, फी आणि रिक्षाचं भाडं. पण गोव्याच्या सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या आईबापांनी आठवड्यातून दोनदा मूल घेऊन पणजी गाठायची म्हणजे घरातल्या एकाची रोजी बुडालीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ श्रीमंत देशांकडेही नाहीत. त्यामुळे कुठे पालकांचे गट, कुठे शेजारीपाजारी, कुठे कॉलेजची मुलं हे काम अंगावर घेतात. त्यांची कळकळ खरी असते. पण कळकळीवर किती भागतं आणि शिकावं काय लागतं, याची नीट तपासणी फार थोड्या ठिकाणी झाली. त्यातलं एक ठिकाण गोवा आहे.

गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून काम करते. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. मानसिक आरोग्याची कामं मोठ्या पदव्या नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवायची आणि ती त्यांच्याकडून नीट देखरेखीखाली करून घ्यायची, ही संस्थेची ओळख. स्वमग्न मुलांसाठी तिथल्या डॉ. गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधली ‘पॅक्ट’ नावाची पद्धत घेतली. ती मूळची प्रशिक्षित स्पीच थेरपिस्टनी चालवायची. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ती स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांना जमेल अशी बेतली गेली आणि तिचं नाव ‘पास’ ठेवलं. हे कार्यकर्ते स्वमग्नतेचे तज्ज्ञ नव्हते. काटेकोरपणे बोलायचं तर त्यांना स्वयंसेवकही म्हणता येणार नाही, ते नेमलेले लोक होते. तरी स्वयंसेवेच्या कामाला या प्रयोगातून जेवढं शिकता येतं, तेवढं क्वचितच दुसरीकडून मिळेल.

या पद्धतीत कार्यकर्ता मुलाला शिकवतच नाही. तो आईला किंवा बाबांना मुलाशी दहाएक मिनिटं खेळायला सांगतो, त्याचा व्हिडिओ घेतो आणि मग दोघं मिळून तो व्हिडिओ बघतात. समजा, मुलगा सोप्यावर बसून स्टीलची ताटली फिरवतोय. आई त्याच्यापुढे चित्रांचं पुस्तक धरते. ‘हा कोण? हत्ती! म्हण हत्ती. याचा रंग कुठला? बघ ना इकडे.’ मूल पाठ फिरवतं. थकून आई गप्प बसते, हाताला लागलेली दुसरी ताटली नकळत फिरवते, आणि मुलगा क्षणभर मान वळवून तिच्या हाताकडे बघतो. खेळताना हा क्षण तिच्या ध्यानातही आलेला नसतो. कार्यकर्ती नेमकी तिथे व्हिडिओ थांबवते. ‘वहिनी, इथे परत बघा. त्याने काय केलं? आणि त्याच्या आधी तुम्ही काय केलं होतं?’

उत्तर आईलाच शोधायचं असतं, कार्यकर्ती ते सांगत नाही. चुकलेल्या जागा दाखवायच्या नाहीत, साधलेल्या जागा दाखवायच्या, हा इथला दंडक. प्रश्नांचा मारा थांबवायचा, मूल ज्यात रमलंय त्यात आपण शिरायचं, त्याने आवाज काढला की वाट बघायची, मग त्याच्याच कृतीला साधा शब्द जोडायचा: ‘फिरली. थांबली.’ भेटींच्या अधल्यामधल्या दिवसांत रोज अर्धा तास घरी हाच सराव. ऐकायला हे फारच सोपं वाटतं. पण मुलाला बोलतं करायच्या घाईला आलेल्या आईने मिनिटभर गप्प बसणं किती अवघड असतं, ते करून बघणाऱ्यालाच कळतं. कार्यकर्त्याचंही तेच. मदतीला आलेल्या माणसाचे हात मदतीसाठी शिवशिवत असतात, आणि इथे त्याने हात बांधून बघायचं असतं.

या प्रयोगाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात २०१६ मध्ये छापून आले. दोन ते नऊ वर्षं वयाची ६५ मुलं होती. त्यातल्या ३२ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत आठ महिन्यांत ‘पास’च्या बारा भेटी मिळाल्या, उरलेल्या ३३ जणांना फक्त नेहमीचे उपचार. ३२ पैकी २६ कुटुंबांनी सगळा कार्यक्रम पुरा केला. आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. ही वाढ चाचणीत स्पष्ट दिसली. मात्र पालक आणि मूल या दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ वाढण्याऐवजी कमी झाला, आणि संशोधकांनी तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. ६५ मुलांवरून जग जिंकल्याची भाषा कुणी करू नये. तरी तज्ज्ञ नसलेला स्थानिक माणूस, नीट शिकवला आणि पाठीशी कुणी उभं राहिलं, तर हे नाजूक काम करू शकतो, एवढं यातून हाती लागलं.

पुढच्या आवृत्तीची कथा अधिक बोलकी आहे. घरी गेलेल्या माणसाला आईबाप नुसतं ‘बोलत नाही’ एवढंच सांगत नाहीत. रात्रभर झोपत नाही, भाताशिवाय काही खात नाही, शी-शूचं कळत नाही, हेही सांगतात. घर जागं असताना खेळाचा सराव कोण करणार? म्हणून ‘पास प्लस’ नावाच्या आवृत्तीत अशा अडचणींसाठी वेगळे भाग जोडले गेले आणि दिल्लीत त्यांची चाचणी झाली. संस्थेच्या कचेरीत बसून हे सुचलं असतं की नाही, शंकाच आहे.

आईला शिकवायचं म्हटलं की एक जुनी जखम उघडी पडते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत स्वमग्नतेचं खापर आईच्या थंड स्वभावावर फोडलं जाई. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून हा समज घरोघरी पोचवला. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने तो खोडून काढला होता. रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आज आईला दोषी धरणारं विज्ञान उरलेलं नाही, आपल्याकडचे नातेवाईक मात्र अजून ‘नोकरी करते ना, म्हणून’ असं म्हणून मोकळे होतात. दारात येणाऱ्या कार्यकर्त्याने एवढं एक जरी घरातल्या आजी-आजोबांसमोर नीट सांगितलं, तरी बरंच काम झालं.

खरं तर या क्षेत्रातले पहिले स्वयंसेवक पालकच. इंग्लंडमध्ये काही पालकांनी १९६२ मध्ये संघटना उभी केली, तीच आजची नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी. तिच्या गावोगावच्या शाखा आजही स्वयंसेवक चालवतात. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केलं, तेही आपल्या मुलासाठी दार शोधताना. मुंबईत ‘फोरम फॉर ऑटिझम’ हा पालकांचाच गट. या गटांत मिळणारी मदत कधी अगदी किरकोळ दिसते: केस कापताना न चिडणारा न्हावी कुठे आहे, कुठली शाळा तोंडदेखला प्रवेश देते, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या रांगेत कुठले कागद न्यावे लागतात. पण ही यादी कुठल्याही डॉक्टरकडे नसते.

घराबाहेर नुसतं सोबत असणं हेही काम आहे, आणि तेही शिकावं लागतं. न सांगता हात धरायचा नाही. पुढे काय होणार ते चित्रांनी किंवा लिहून आधी दाखवायचं: आधी बस, मग दुकान, मग घर. मूल कानांवर हात ठेवतं ते हट्टाने नाही, मिक्सरचा किंवा ढोल-ताशाचा आवाज त्याला खरोखर सोसत नाही. भर बाजारात त्याने जमिनीवर अंग टाकलं, तर त्याला समजवण्याआधी जमलेल्या बघ्यांना बाजूला करायचं. बघ्यांना हटवायला थेरपिस्ट लागत नाही, नाक्यावरचा ओळखीचा दुकानदार पुरतो. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये अनेक दुकानांनी ठरावीक तासापुरते दिवे मंद केले, गाणी बंद केली. आपल्या गणेशोत्सव मंडळांनी दर्शनाचा एक तास असा शांत ठेवला, तर खर्च काही नाही, स्पीकरवाल्याला चहाची सुट्टी मिळेल एवढंच.

सरकारी यंत्रणेतही या कामाला जागा आहे. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. अंगणवाड्यांत आणि शाळांत जाणाऱ्या त्याच्या पथकांनी ज्या गोष्टी बघायच्या त्यांत स्वमग्नतेची लक्षणंही आहेत. पण लक्षण दिसल्यावर मूल जिल्ह्याच्या गावी पाठवायचं आणि त्यानंतरचे महिने घरी कुणी फिरकायचं नाही, असं झालं तर तपासणी कागदावरच राहते. ही मधली जागा स्थानिक माणसांनी भरायची आहे, आणि तीही शिकून. शिवाय अडेल तिथे विचारायला एखादा अनुभवी माणूस फोनवर हवाच. त्याच्याविना उत्साही कार्यकर्ता एकतर गळतो, नाहीतर आपल्याच मनाने उपचार सुरू करतो, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट.

मुलं मोठी होतात तेव्हा ही सगळी व्यवस्था विरळ होत जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नतेला जागा मिळाली, १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आणि पालकत्व ठरवायला जिल्ह्यात स्थानिक समिती असते. पण पंचविशीच्या स्वमग्न तरुणाला रोज लागतं ते याहून साधं असतं: बँकेत सोबत कुणीतरी, नव्या नोकरीच्या रस्त्यावर पहिले काही दिवस बरोबर चालणारं कुणीतरी, रविवारी त्याच्याशी रेल्वेच्या वेळापत्रकावर मन लावून गप्पा मारणारं कुणीतरी. शिवाय त्याला काय हवं हे त्यालाच विचारणारं. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला ‘पर्पल फेस्ट’ झाला, तेव्हा वेगवेगळ्या अपंगत्वाची माणसं तिथे केवळ प्रेक्षक नव्हती, मंचावरही होती. उत्सव तीन दिवसांचा होता. बँकेत सोबत लागते ती वर्षभर, आणि त्यासाठी माणसं तयार करणारं प्रशिक्षण बहुतेक तालुक्यांत अजून सुरू व्हायचं आहे.