बसलेल्या गाईची पडद्यावरची मूर्ती

पनवेलहून रोह्याकडे जाताना जिते, हमरापूर आणि मग पेण ही स्थानके लागतात. हा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. इथे शाडूचा गोळा बोटांनी दाबत आकार घेतो. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये तेच काम माउस किंवा डिजिटल पेनने होते. २००२ पासून त्याचा स्रोत सर्वांना खुला आहे आणि ते मोफत मिळते.

नवशिक्याने बसलेले जनावर निवडावे. चार पायांवर तोल सांभाळायची चिंता उरत नाही.

मात्र बसण्यालाही शिस्त असते. गाय आधी पुढचे पाय मुडपते, मग मागचा भाग टेकवते. उठताना मागचा भाग आधी उचलते. तिच्या पुढच्या पायाचा ‘गुडघा’ खरे तर मनगट आहे, म्हणून तो मागे दुमडून छातीखाली जातो. मागचे पाय बहुधा एकाच कुशीला येतात आणि कंबर कलते. म्हणूनच डोके व धड होईपर्यंत डावी-उजवी बाजू एकदम घडवणारी सममिती चालू ठेवावी. पाय घडवताना ती बंद करावी.

आकार ओढून ताणला की पृष्ठभागाची जाळी विरळ होते. ब्लेंडरमधल्या ‘रिमेश’ या सोयीने ती पुन्हा एकसारखी विणता येते.

पोट जमिनीला टेकते तिथे चपटे होऊन बाजूला पसरायला हवे. गोल ठेवले तर गाय तरंगल्यासारखी दिसते.

सरावासाठी रवंथ करणारी गाय उत्तम. ती बराच वेळ जागची हलत नाही, त्यामुळे चारही बाजूंनी फोटो घेता येतात.