युद्धातली डायरी खरे बोलते का?

महादेवपुऱ्याच्या शेजारून जाणारा जुना मद्रास रस्ता म्हटला की आपल्याला होसकोटेकडून येणारी गाड्यांची रांग आठवते. मार्च १७९१ मध्ये याच दिशेने लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज कोलार, होसकोटे करत बेंगळुरूवर आली होती. ७ मार्चला पेठ पडली आणि २१ मार्चच्या रात्री किल्ला पडला. के. आर. मार्केटजवळ किल्ल्याची जी भिंत उरली आहे, तिच्यावर या हल्ल्याची आठवण सांगणारी पाटी आहे.

हे टिपू सुलतानाविरुद्धचे तिसरे म्हैसूर युद्ध. त्यात इंग्रजांच्या बाजूने निजाम होता आणि आपले मराठेही होते. या युद्धाबद्दल आपल्याला जे कळते, त्यातले बरेचसे छावणीत बसून लिहिणाऱ्यांमुळे. कोणी रोजची टिपणे ठेवली, कोणी पत्रे धाडली, कोणी घरी परतल्यावर पुस्तक लिहिले. प्रश्न असा की, त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा?

तोफ आणि धूम्रपान

एडवर्ड मूर हा जेमतेम विशीतला इंग्रज लेफ्टनंट. कॅप्टन लिटलच्या पलटणींबरोबर तो परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेसोबत होता. धारवाडच्या किल्ल्याला सुमारे सहा महिने वेढा पडला, तो त्याने जवळून पाहिला.

मराठी तोफखान्याचे त्याने केलेले वर्णन पुढे अनेक इतिहासकारांनी वापरले. तो सांगतो की, तोफ भरली की सगळे गोलंदाज अर्धा तास गप्पा मारत, धूम्रपान करत बसतात. मग तोफ उडते. धुरळा मोठा उठला की काम फत्ते! पुन्हा तोफ भरायची, पुन्हा गप्पा. दुपारी एक ते तीन तर दोन्हीकडून सहसा गोळाच सुटत नाही, जणू जेवणाची सुट्टी ठरलेली.

वाचताना हसू येते. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. तोफा सावकाश चालत होत्या, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्या सावकाश का चालत होत्या, हे मात्र त्याला बाहेरूनच दिसत होते. तापलेली तोफ निवू द्यावी लागते. दारूगोळा पुरवून वापरावा लागतो. किल्ला फोडण्यापेक्षा आतल्यांना उपाशी ठेवून तो घेणे हीही वेढ्याची एक रीत होती. यातले धारवाडला काय लागू होते, हे आळशीपणाचा शिक्का मारण्याआधी तपासावे लागते.

आणखी एक. डिसेंबर १७९१ मध्ये शिवमोग्याजवळ गाजनूरच्या लढाईत मूर जखमी झाला आणि इंग्लंडला परतला. त्याचे पुस्तक १७९४ मध्ये लंडनमध्ये निघाले. म्हणजे घडलेला दिवस आणि छापलेले पान यांच्यामध्ये तीनेक वर्षे आणि एक समुद्रप्रवास आहे. शिवाय वाचणारे इंग्रज होते. त्यांना आपल्या पलटणींचा पराक्रम आणि मित्रफौजेच्या गमती दोन्ही आवडणार.

मिरजेच्या मास्तरांचे काम

मग दुसरी बाजू कुठे सापडते? पटवर्धनांच्या दफ्तरात. मिरजेच्या शाळेत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी ही जुनी मोडी पत्रे वाचून, लावून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडामागून खंड छापले. या पत्रांत पराक्रमाच्या गोष्टींपेक्षा पैशाची तंगी, धान्य, वैरण, थकलेले पगार यांचीच चिंता अधिक दिसते. लिहिणाऱ्याला पुस्तक खपवायचे नव्हते, त्याला वरून पैसे हवे होते. म्हणून ही पत्रेही जपून वाचावीत. पैसे मागणारा अडचण थोडी वाढवूनच सांगतो!

मे १७९१ची गोष्ट घ्या. कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत गेला, लढाई जिंकला, पण बैल मेले, धान्य संपले. वेढ्याच्या जड तोफा स्वतःच नष्ट करून तो मागे फिरला. मेलुकोटेच्या बाजूला समोरून घोडदळ आले. इंग्रजांना आधी शत्रूच वाटला. ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ. त्यांच्या छावणीच्या बाजारातून उपाशी इंग्रज फौजेला धान्य मिळाले, पण महागात. इंग्रज लेखनात मराठे उशिरा आले आणि भाव चढे लावले, असा सूर आहे. तरी त्याच लेखनात हेही आहे की, टिपूचे स्वार निरोप घेऊन येणाऱ्यांना वाटेतच अडवत होते. एकाच पुस्तकात तक्रारही असते आणि तिचे उत्तरही. शोधून वाचावे लागते.

आपल्याच बाजूचे पान

सगळ्यात अवघड पान असते ते आपल्या लोकांचे. याच मोहिमेत मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी आणि लमाणांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसे मारली गेली, शारदेची मूर्ती हलवली गेली. स्वामींना मठ सोडावा लागला. पुढे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांना मठात टिपूची कन्नड पत्रे मिळाली. त्यांत या लुटीबद्दलचा संताप आहे आणि मूर्तीची पुन्हा स्थापना करण्यासाठी दिलेली मदतही आहे. पटवर्धनांच्या पत्रव्यवहारातही ही लूट येते. टिपू शत्रू होता, त्याला मराठ्यांना दोष देणे सोयीचे होते, हे खरे. पण लुटणाऱ्यांच्या बाजूचा कागदही तेच सांगतो, तेव्हा शंकेला जागा उरत नाही.

टिपू स्वतःही लिहीत असे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर महालात त्याच्या हाताची फारसी वही मिळाली. तिच्यात ३७ स्वप्ने आहेत. हरिपंतांच्या फौजेवर छापा घालण्याआधीच्या एका स्वप्नात त्याला पुरुषवेशातली स्त्री दिसली. त्याने अर्थ लावला की, मराठे दिसायला पुरुष, पण लढाईत बायका ठरतील! यावरून हरिपंतांचे सैन्य कसे होते हे कळत नाही. छाप्याआधी टिपू मनाला धीर कसा देत होता, हे मात्र इतके स्वच्छ दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

तुमच्या घरी अशी वही असेल तर

अनेक मराठी घरांत फौजेतल्या आजोबांची डायरी किंवा पत्रांचे पुडके असते. ते वाचताना चार गोष्टी बघा.

• नोंद त्याच दिवशीची आहे की मागाहून लिहिलेली? शाई, अक्षर, तारखांचा क्रम पाहा.
• कोणासाठी लिहिले? पहिल्या महायुद्धात आपल्या शिपायांची पत्रे सेन्सॉर वाचत असे, आणि कित्येकांची पत्रे दुसराच कोणी लिहून देई. ‘मी खुशाल आहे’ याचा अर्थ म्हणून जपून लावावा.
• लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिले आणि काय ऐकले? पाऊस, भाकरी, चाल किती मैल, हे बहुधा बरोबर असते. शत्रूचे किती मेले, हा आकडा बहुधा ऐकीव असतो.
• काय लिहिलेले नाही? मधले कोरे दिवसही काही सांगतात.

आणि आजोबा असतील तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसा, कोऱ्या दिवसांबद्दल विचारा. त्यांना सांगायचे नसेल तर आग्रह करू नका. सांगितलेच, तर ते वहीत न लिहिता वेगळ्या कागदावर, आजची तारीख घालून लिहून ठेवा. म्हणजे पुढे वाचणाऱ्याला तेव्हाचे कोणते आणि आताचे कोणते, हे नीट कळेल.