मधुमेह आणि डोळ्याचा पडदा

मधुमेह म्हटला की आपल्याला साखर, पथ्य आणि गोळ्या आठवतात. डोळे मात्र फार उशिरा आठवतात. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाने ग्रासले होते व त्यांची दृष्टीही क्षीण झाली होती, हे आपण चरित्रांतून वाचले आहे. मधुमेहाने बिघडणाऱ्या डोळ्यांसाठी त्या काळी लेसरचा उपचार नव्हता. आज तो आहे. परंतु त्यासाठी वेळेवर तपासणी झाली पाहिजे.

डोळ्याच्या आतील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, अतिशय सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास या वाहिन्या कमकुवत होऊन पाझरू लागतात. पुढे नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो. प्रारंभी ना वेदना होते, ना अंधूक दिसते. म्हणूनच ‘मला तर स्वच्छ दिसते’ हा दिलासा फसवा ठरतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी सुमारे १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर हा विकार आढळला.

चष्म्याचा नंबर काढणे किंवा मोतीबिंदू पाहणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. या तपासणीत बहुधा थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पडदा पाहतात किंवा त्याचे छायाचित्र घेतात. त्यानंतर काही तास अंधूक दिसते. म्हणून सोबत कोणी असावे, स्वतः दुचाकी चालवू नये. प्रौढ वयातील नेहमीच्या मधुमेहात निदान होताच आणि पुढे दरवर्षी ही तपासणी करावी. मधुमेही स्त्रीने गरोदरपणी ती आरंभीच करून घ्यावी.

लेसर वा डोळ्यातील इंजेक्शनांनी उरलेली दृष्टी बहुतेक वेळा राखता येते. गेलेली मात्र क्वचितच पूर्ण परत येते. साखरेबरोबर रक्तदाबही आटोक्यात हवा.

आपल्या वणी परिसरातील अनेक पालक द्राक्षबागांत राबतात. एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते, हे आम्ही जाणतो. परंतु दृष्टी गेली तर मजुरी कायमचीच बुडते. वणीच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. तेथे सोय नसल्यास नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील नेत्रविभाग गाठावा. आमच्या माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती : घरातील मधुमेही आईवडिलांना यंदा स्वतः सोबत घेऊन जा.