चायना मशीन आहे म्हणून फेकून द्यायचं? थांबा जरा!

या भागात आकडे बरेच होते, त्यामुळे लेखी रूप देताना बोलण्यातला पसारा थोडा आवरलाय आणि आकडे नीट मांडलेत. गाडी चालवताना ऐकलं असेल तर आता शांतपणे वाचा.

विषय आहे स्वस्तातली चिनी ऑटोमॅटिक मशीन्स. ऑटोमॅटिक म्हणजे ज्याला सेल लागत नाही. हात हलला की आतला अर्धगोल रोटर फिरतो आणि मेनस्प्रिंग गुंडाळली जाते. अशी घड्याळं हल्ली ऑनलाइन तीन-चार हजारांत मिळतात. घेताना आनंद होतो, पण सहा महिन्यांनी घड्याळ मागे पडायला लागतं. दुकानात नेलं की एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "चायना मशीन आहे साहेब, रिपेअर होत नाही. बदलून टाका."

हे वाक्य अर्धं खरं आहे. खरा अर्धा भाग कुठला आणि खोटा कुठला, हे आज बघू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या मशीन्सचं डिझाइन सहसा वाईट नसतं. पैसे वाचवले जातात ते शेवटच्या टप्प्यावर. तेल किती आणि कुठे घातलं, जुळणी किती काळजीने केली, वेळ लावून पाहिली की नाही, यावर. आपण सॉफ्टवेअरवाले म्हणू तसं, कोड बरा आहे, टेस्टिंग झालेलं नाही. म्हणून नावावरून भांडण्यापेक्षा हातातलं मशीन मोजून बघावं.

ही मशीन्स आली कुठून?

चीनमध्ये मनगटी घड्याळं आजकाल बनायला लागली असं नाही. टियांजिनमध्ये पहिलं चिनी मनगटी घड्याळ १९५५ मध्ये तयार झालं. त्याच कारखान्याची पुढे 'सी-गल' ही ओळख झाली. १९७० च्या आसपास सरकारी पातळीवर ठरलं की देशभरातल्या कारखान्यांनी एकाच आराखड्याचं मशीन बनवायचं. त्याला 'तोंगजी' म्हणतात, म्हणजे सगळ्यांसाठी एकच ठरवलेलं मशीन. कमीत कमी १७ ज्वेल्स, तासाला २१,६०० ठोके, हाताने चावी द्यायची. एकच स्पेसिफिकेशन आणि बनवणारे अनेक. आजही स्वस्तातल्या आरपार दिसणाऱ्या, म्हणजे स्केलेटन घड्याळांत बऱ्याचदा याच घराण्याचं मशीन असतं.

आपल्याला आज ऑटोमॅटिकमध्ये दोन घराणी समजून घ्यायची आहेत.

पहिलं घराणं डीजी २८१३ चं. हे जपानी मियोटा ८२०० मालिकेच्या वळणावर बनलेलं. मियोटाची ही मालिका १९७७ ची, आणि मियोटा म्हणजे सिटिझन कंपनीचा मशीन बनवणारा विभाग. आता गंमत बघा. आपल्या एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळांचा कारखाना सुरू केला तो याच सिटिझनच्या सहकार्याने. म्हणजे आजोबांच्या एचएमटीचा आणि तुमच्या चिनी ऑटोमॅटिकचा गुरू लांबून का होईना, एकच!

दुसरं घराणं स्विस ईटीए २८२४-२ च्या नकलांचं. सी-गलचं एसटी २१३०, हाँगकाँगच्या कंपनीचं पीटी ५०००, लिआओनिंगच्या पीकॉकचं एसएल ३०००, ही सगळी त्यातलीच. २००२ मध्ये स्वॅच ग्रुपने जाहीर केलं की ईटीएची अर्धवट जुळणीची मशीन्स बाहेरच्यांना देणं हळूहळू बंद करणार. तेव्हापासून पर्यायी मशीन्सना बाजार मिळाला. मूळ डिझाइनची पेटंट्स संपलेली असल्याने नक्कल करायला कायद्याची आडकाठीही नव्हती.

दोघांत फरक काय?

डीजी २८१३ तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ६. ईटीएच्या नकला २८,८०० देतात, म्हणजे सेकंदाला ८. त्यामुळे दुसऱ्या घराण्यात सेकंद काटा जास्त सुळसुळीत सरकतो.

डीजीचा रोटर एकाच दिशेने चावी देतो आणि उलट दिशेला मोकळा गरगरतो. मनगट झटकलं की आत काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. तो बिघाड नाही, मियोटाच्या मूळ मशीनमध्येही तसंच होतं. ईटीएचा रोटर दोन्ही दिशांनी चावी देतो.

डीजीत सेकंद काटा मुख्य चाकांच्या साखळीत थेट बसलेला नसतो, बाजूने फिरवला जातो. त्याला घट्ट धरणारी बारीक पट्टीची स्प्रिंग सैल असेल तर काटा मधूनच अडखळतो आणि मग उडी मारतो. घड्याळ बंद पडतंय असं वाटतं, पण वेळ बरोबर असते. ईटीएत काटा थेट साखळीवरच असल्याने हा प्रकार नसतो.

ईटीएच्या नकलांचं दुखणं वेगळं. रोटरची दोन्ही दिशांची हालचाल एकाच दिशेत वळवणारी दोन छोटी रिव्हर्सर चाकं असतात. ती कोरडी किंवा चिकट झाली की चावी पिळताना रोटरही सोबत भिंगरीसारखा फिरतो. असं दिसलं तर चावी पिळणं लगेच थांबवा, नाहीतर दाते झिजतात. चाकं साफ करून त्यांना योग्य वंगण दिलं की बहुतेकदा काम होतं.

या माहितीचा एक थेट उपयोग आहे. कुणी 'स्विस मशीन' म्हणून घड्याळ विकत असेल तर मोबाइलवर सेकंद काट्याचा स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि एका सेकंदात किती टप्पे पडतात ते मोजा. २८२४ असल्याचा दावा असून ६ च टप्पे दिसले, तर पैसे देऊ नका. ८ टप्पे दिसले म्हणून ते स्विसच आहे असं मात्र सिद्ध होत नाही, कारण चिनी नकलाही ८ च देतात.

हात लावण्याआधी लॉग वाचा

प्रॉडक्शनमध्ये काही तुटलं की आपण आधी लॉग बघतो, लगेच कोड बदलत नाही. घड्याळाचा लॉग वाचायचं यंत्र म्हणजे टाइमग्राफर. वैशी १००० नावाचं चिनी यंत्र छंद म्हणून हे करणाऱ्यांमध्ये सर्रास दिसतं. ते मायक्रोफोनने ठोके ऐकतं आणि तीन आकडे दाखवतं.

पहिला, रेट. दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे दिवसाला १० सेकंदांची चूक ही फक्त ०.०१२ टक्क्यांची चूक झाली. मियोटा स्वतः ८२१५ साठी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद इतकी मुभा सांगते. तेव्हा चिनी मशीन १५ सेकंद पुढे गेलं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

दुसरा, ॲम्प्लिट्यूड. बॅलन्स चाक एका झोक्यात किती अंश फिरतं. पूर्ण चावी दिलेली, तबकडी वर, अशा स्थितीत २७० ते ३१० अंश म्हणजे तब्येत चांगली. २२० च्या खाली गेलं तर कुठेतरी घाण, सुकलेलं तेल किंवा अडथळा आहे. हा आकडा बरोबर यायला यंत्रात लिफ्ट अँगल भरावा लागतो: मियोटा ८२१५ ला ४९ अंश, २८२४ ला ५०. तो चुकला तर ॲम्प्लिट्यूड चुकीचा दिसतो, रेटवर परिणाम होत नाही.

तिसरा, बीट एरर. टिक आणि टॉक यांमधलं अंतर सारखं आहे का. एक मिलिसेकंदाच्या आत असेल तर ठीक. नवीन स्वस्त मशीनमध्ये हा आकडा बऱ्याचदा मोठा असतो, कारण शेवटची जुळवणी घाईत झालेली असते.

आता एक उदाहरण. सांगलीच्या माझ्या आत्तेभावाने पहिल्या पगारातून डीजी २८१३ वालं घड्याळ घेतलं. दोन महिन्यांत फोन आला, "दादा, दिवसाला चार मिनिटं पुढे जातंय रे. दुकानदार म्हणतो मशीनच बदला." त्याला म्हटलं, आधी एक साधं होकायंत्र घड्याळाजवळ धर. सुई हलली. घड्याळ रोज रात्री ब्लूटूथ स्पीकरवर ठेवायची त्याची सवय. केसाएवढ्या हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ मिनिटांच्या हिशोबात पुढे पळतं. काही शे रुपयांचा डीमॅग्नेटायझर मिळतो. त्याच्यावर घड्याळ धरायचं, बटण दाबून ठेवायचं, घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. घड्याळ वेळेवर आलं. मशीन बदललं असतं तर पहिल्या पगाराच्या घड्याळातलं मूळ मशीन उगाच गेलं असतं.

दुरुस्तीचा क्रम

१. चुंबकत्व काढा. झाकणही उघडावं लागत नाही.

२. झाकण उघडून रोटरचा स्क्रू बघा. खडखड आवाजाचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

३. बीट एरर आधी, रेट नंतर. बॅलन्सवर दोन छोट्या पट्ट्या असतात: एक हेअरस्प्रिंगचं टोक धरणारी, दुसरी वेग बदलणारी. पहिली हलवली की रेटही बदलतो, म्हणून क्रम उलटा करू नका. आणि हलवायचं म्हणजे नुसता स्पर्श. डोळ्याला हललेलं दिसलं तर बहुधा जास्त झालं.

४. तबकडी वर, तबकडी खाली, चावी खाली, अशा निरनिराळ्या स्थितींत मोजा. मग ५ ते १० सेकंद पुढे ठेवा. पुढे असलेलं घड्याळ चालून जातं, मागे पडलेलं बस चुकवतं.

५. ॲम्प्लिट्यूड कमी असेल तर मात्र पट्ट्या हलवून काही होणार नाही. मशीन खोलून, धुऊन, नवं तेल घालावं लागतं. जलद फिरणाऱ्या बारीक टोकांना मोबियस ९०१० सारखं पातळ तेल, हळू फिरणाऱ्या जाड टोकांना घट्ट तेल. थेंब भिंगातून बघून घालायचा. तेल जास्त झालं तर ते पसरतं, आणि हेअरस्प्रिंगला लागलं तर वेटोळी पुन्हा चिकटतात.

दोन सावधगिऱ्या. चावीचा दांडा काढताना आतलं बटण हलकेच दाबा. जोर दिला तर खालचा लिव्हर जागेवरून सरकतो आणि मग तबकडी काढल्याशिवाय तो बसत नाही. आणि रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत तारीख हाताने पुढे ढकलू नका. तेव्हा तारखेची चाकं आधीच एकमेकांत अडकलेली असतात, दाते मोडतात.

मग दुकानदार खोटं बोलतो का?

नाही. त्याच्या वाक्याचा खरा अर्धा भाग इथे आहे. डीजी २८१३ खोलून धुऊन जोडायला त्याचे दोन-तीन तास जातात. त्याची मजुरी नव्या मशीनच्या किमतीइतकी किंवा जास्त होते आणि गिऱ्हाईक ती द्यायला तयार नसतं. सुटे भागही सहसा वेगळे मिळत नाहीत, दुसरं मशीन फोडूनच काढावे लागतात. तेव्हा 'रिपेअर होत नाही' याचा अर्थ 'परवडत नाही' असा घ्या. तो कुशल माणूस असतो, पण आपण त्याला तपासणीचे पैसेच देत नाही. मग तो न तपासता बदलायलाच सांगणार.

माझा हिशोब असा. पाणी शिरून गंज चढला असेल तर घराणं कुठलंही असो, मशीन बदला. डीजी असेल आणि ॲम्प्लिट्यूड चांगला असेल तर वरच्या पहिल्या चार पायऱ्या पुरतात. ॲम्प्लिट्यूड पडला असेल तर नवं मशीन घ्या आणि जुनं टाकू नका. ते खोलून जोडायला शिका, यापेक्षा स्वस्त शाळा मिळणार नाही. ईटीएची नक्कल असेल तर सर्व्हिसिंग करून घ्या. बरेचसे भाग मूळ मशीनचे किंवा दुसऱ्या नकलेचे चालतात, पण सगळे चालतीलच असं नाही, म्हणून बसवण्याआधी मापून बघा.

मशीन बदलताना नुसता आकार जुळून भागत नाही. २८२४ चा व्यास २५.६ मिलिमीटर आणि जाडी ४.६. पण काट्यांच्या भोकांची मापं, तबकडीच्या पायांच्या जागा, चावीच्या दांड्याची उंची, तारखेची खिडकी, हे सगळं जुळलं पाहिजे.

पुढच्या वेळी दुकानात गेलात तर एवढंच म्हणा, "काका, आधी टाइमग्राफरवर लावून तिन्ही आकडे सांगता का? तपासणीचे काय होतील ते देतो." आकडे कागदावर लिहून घ्या. मग बदलायचं की दुरुस्त करायचं हे तुम्हालाच दिसेल.

पुढच्या भागात तेल घालण्याबद्दल सविस्तर बोलू. तोपर्यंत घड्याळ स्पीकरपासून लांब ठेवा. भेटू!