धुक्यात ‘अप्पर’ मारला की रस्ता अजूनच का दिसेनासा होतो? हायवेवर धुकं किंवा धूर आला तर नेमकं काय करायचं?

१६ डिसेंबर २०२५ ची पहाट. उत्तर प्रदेशात मथुरेजवळ यमुना एक्सप्रेस-वेवर दाट धुकं होतं. त्या धुक्यात अनेक बस आणि कार एकामागोमाग एक आदळल्या, गाड्यांनी पेट घेतला आणि किमान १३ जणांचा जीव गेला.

ग्रेटर नोएडा ते आग्रा असा हा १६५ किलोमीटरचा रस्ता. इथलं धुकं इतकं ठरलेलं आहे की हिवाळ्यात दोन महिने कारसाठीची वेगमर्यादा ताशी १०० वरून ७५ किलोमीटरवर आणली जाते. म्हणजे धोका सगळ्यांना माहीत होता. तरीही गाड्या आदळल्या.

‘ते उत्तरेकडचं झालं, आपल्याकडे कुठे एवढं धुकं पडतं?’ असं वाटत असेल, तर जुलैमधला खंडाळा घाट आठवा. आंबोली, आंबा, कसारा घाट आठवा. किंवा जानेवारीत पहाटे पाच वाजता सातारा-कराड-कोल्हापूर रस्त्यावरून केलेला प्रवास. त्यात पुढे उसाने भरलेली, मागे एकही लाइट किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली असेल, तर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

अशा वेळी नेमकं काय करायचं, आणि आपण सवयीने काय चुकीचं करतो?

आपल्याकडे धुकं येतं कुठून?

धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. हवेतल्या वाफेचे बारीक थेंब तरंगत राहतात आणि समोरचं दिसेनासं होतं. भारतीय हवामान विभागाच्या भाषेत एक किलोमीटरच्या आतलं जेमतेम दिसत असेल, तर ते धुकं. ५० ते २०० मीटरपर्यंतच दिसत असेल तर दाट धुकं आणि ५० मीटरच्याही आत आलं तर अतिदाट धुकं.

महाराष्ट्रात ते प्रामुख्याने दोन प्रकारे येतं. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा दमट वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो आणि घाटातच ढग तयार होतो. त्यामुळे खाली खोपोलीला लख्ख दिसतं आणि वर खंडाळ्यात बोनेटच्या पुढचं दिसत नाही. हे धुकं भर दुपारीही असतं.

दुसरं हिवाळ्यातलं. आकाश निरभ्र, वारा पडलेला, रात्रभर जमीन गार झालेली. मग नदीकाठी, धरणाजवळ आणि भिजवलेल्या शेतांवर धुक्याचा थर बसतो. ते सलग नसतं. एक ओढा ओलांडला की गायब, पुढच्या वळणावर पुन्हा हजर. पहाटे ते सूर्य वर येईपर्यंतची वेळ सगळ्यात वाईट.

गाडी थांबायला किती जागा लागते?

सगळा खेळ एका हिशोबाचा आहे. अडथळा दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबते. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि चांगले ब्रेक धरले, तर कारला लागणारं अंतर साधारण असं येतं:

- ताशी ४० किमी : सुमारे २६ मीटर
- ताशी ६० किमी : सुमारे ४५ मीटर
- ताशी ८० किमी : सुमारे ७० मीटर
- ताशी १०० किमी : सुमारे १०० मीटर

धुक्यात रस्ता बहुतेक वेळा ओला असतो, म्हणजे यात आणखी भर पडते. भरलेल्या ट्रकला तर याहून खूप जास्त जागा लागते. आता समोर ५० मीटरच दिसतंय आणि काटा ८० वर आहे असं धरा. ट्रॉली दिसली तेव्हाच तुमच्या हातातलं सगळं संपलेलं असतं. तिथे ड्रायव्हिंगचा अनुभव कामाला येत नाही.

मग वेग किती ठेवायचा? एक सोपी युक्ती आहे. धुक्यातून एखादा खांब किंवा पाटी दिसायला लागली की मनात मोजायला सुरुवात करा. पाच सेकंदांच्या आत तुम्ही तिथे पोहोचलात, तर वेग जास्त आहे. ओल्या रस्त्यावरही कार थांबू शकेल, एवढी जागा या पाच सेकंदांत साधारण धरली जाते. वेगळ्या शब्दांत सांगायचं तर, जितके मीटर दिसतंय त्याच्या पाऊणपटीपेक्षा वेगाचा आकडा कमी हवा. १०० मीटर दिसत असेल तर ७०, ५० मीटर दिसत असेल तर ३५.

वेगमर्यादेच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो. तो आकडा रस्ता स्वच्छ दिसत असतानाचा असतो.

धुक्यात वेगाचा अंदाज का चुकतो?

१९९८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ब्रिटनच्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला होता. सिम्युलेटरवर धुकं वाढवत नेलं, तसे लोक ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त जोरात गाडी चालवायला लागले. चित्र फिकट झालं की मेंदूला वाटतं आपण हळू चाललोय, असा त्याचा अर्थ लावला गेला.

२०१२ मध्ये दुसऱ्या गटाने त्यावर आक्षेप घेतला. खऱ्या धुक्यात सगळंच सारखं फिकट होत नाही, जवळचं स्पष्ट आणि लांबचं पुसट दिसतं. प्रयोगात तसं धुकं दाखवल्यावर लोकांना वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटला आणि त्यांनी गाडी हळू केली.

सामान्य ड्रायव्हरने यातून घ्यायची गोष्ट एकच. धुक्यात ‘अंदाजावर’ विश्वास ठेवायचा नाही, स्पीडोमीटर बघायचा. त्यात मागून कोणीतरी हॉर्न देतं, पुढच्या गाडीचे लाल दिवे हातातून निसटतायत असं वाटतं आणि नकळत पाय ॲक्सिलरेटरवर जातो. पुढच्याच्या टेललाइटला धरून चालणं सोपं वाटतं, पण तो ज्या वेगाने खड्ड्यात जाईल त्याच वेगाने तुम्हीही जाल.

अप्पर, डिप्पर की पार्किंग लाइट?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

अप्पर नको. हाय बीमचा झोत समोरच्या लाखो थेंबांवर आदळून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. डिप्परवर झोत खाली रस्त्याकडे पडतो, त्यामुळे जे काही दिसायचं ते डिप्परवरच दिसतं.

फॉग लॅम्प असतील तर लावा. ते बंपरमध्ये खाली बसवलेले असतात आणि त्यांचा झोत रुंद, जमिनीलगत पडतो. रस्त्याची कड दिसायला त्याचा खरा उपयोग. मागचा लाल फॉग लॅम्प असेल तर तोही दाट धुक्यात लावा, पण धुकं सरताच बंद करा. मागच्याचे डोळे दिपतात.

चालत्या गाडीत पार्किंग लाइट नको. चारही इंडिकेटर लुकलुकत असले की मागच्याला कळत नाही, ही गाडी उभी आहे की चालतेय. शिवाय तुम्ही वळणार असाल, लेन बदलणार असाल तर ते सांगायला इंडिकेटर उरत नाही. पुढे अपघात दिसला आणि तुम्ही अचानक थांबताय, किंवा गाडी बंद पडलीय, तेव्हा मात्र ते लगेच लावा.

डीआरएलवर विसंबू नका. नव्या गाड्यांच्या पुढच्या एलईडी पट्ट्या आपोआप पेटतात. ड्रायव्हरला वाटतं लाइट चालू आहेत. पण बऱ्याच गाड्यांत तेव्हा मागचे दिवे बंदच असतात. ‘ऑटो’वर ठेवलेल्या हेडलाइटलाही दिवसाचं धुकं नेहमी कळत नाही, कारण उजेड भरपूर असतो. म्हणून बटण हाताने फिरवून डिप्पर लावा, मागचे लाल दिवे त्यासोबत लागतात.

काचेवरचं धुकं कसं घालवायचं?

हिवाळ्यात काच गार आणि आतली हवा श्वासाने दमट, म्हणून धूसरपणा आतून येतो. एसी चालू करून हवा काचेकडे सोडा. एसी हवेतला ओलावा शोषतो, हीटर लावला तरी एसी चालू ठेवता येतो.

पावसाळ्यात घाटात उलटं होतं. एसी फार गार असेल तर बाहेरची दमट हवा काचेवर बाहेरून साचते. तेव्हा आतून फडकं मारून काही होत नाही. वायपर चालवा आणि एसीचं तापमान वाढवा.

धूर धुक्यापेक्षा घातक का?

उसाची तोड झाली की शेतात राहिलेलं पाचट पेटवलं जातं. रस्त्याकडेचं वाळलेलं गवत, कचऱ्याचे ढीग, फेब्रुवारी-मार्चमधले वणवे हेही नेहमीचंच. वारा फिरला की तो धूर थेट हायवेवर येतो.

धुकं बहुतेक वेळा हळूहळू दाटत जातं. धूर मात्र भिंतीसारखा समोर येतो. आणि दोन्ही एकत्र आले तर परिस्थिती हाताबाहेर जाते, कारण धुराच्या कणांवर पाण्याचे थेंब धरतात. अमेरिकेत याला ‘सुपरफॉग’ म्हणतात. त्यात तीन मीटरवरचंही दिसत नाही. २३ ऑक्टोबर २०२३ ला लुइझियाना राज्यात दलदलीतल्या आगीचा धूर आणि धुकं मिसळून हायवेवर १५८ गाड्या एकमेकांवर आदळल्या. त्यात किमान सात जण मरण पावले.

त्याआधी २९ जानेवारी २०१२ ला फ्लोरिडात असंच घडलं होतं. धूर-धुक्यामुळे रात्री बंद केलेला हायवे स्थिती सुधारल्यावर पुन्हा उघडला गेला. थोड्याच वेळात पुन्हा अंधारून आलं आणि ११ जणांचा बळी गेला. पाच मिनिटांपूर्वी दिसत होतं, म्हणून पुढेही दिसेल असं नसतं.

म्हणून धुराचा पट्टा लांबून दिसला की आत शिरण्याआधी वेग कमी करा, काचा वर घ्या आणि एसी आतलीच हवा फिरवण्यावर ठेवा. पलीकडचं काहीच दिसत नसेल तर आत जाऊच नका. अलीकडे रस्ता सोडून थांबा.

काहीच दिसेनासं झालं तर?

- लेनमध्ये अचानक ब्रेक मारून थांबू नका. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नसता. हळूहळू वेग कमी करत डावीकडची पांढरी कड धरा आणि पेट्रोल पंप, ढाबा, टोल प्लाझा अशी रस्त्याबाहेरची जागा गाठा.
- घाटात ओव्हरटेक पूर्ण बंद. काच थोडी खाली करून कान उघडे ठेवा, समोरचा हॉर्न दिव्याच्या आधी कळतो.
- कडेलाच थांबावं लागलं तर जितकं डावीकडे जाता येईल तितकं जा आणि पार्किंग लाइट लावा.
- डाव्या दाराने उतरा आणि रेलिंगच्या पलीकडे, गाडीपासून लांब उभे राहा. गाडीच्या मागे किंवा दोन गाड्यांच्या मध्ये थांबू नका. साखळी अपघातात दुसरी, तिसरी धडक काही सेकंदांत येते.
- मोबाइलवर व्हिडिओ काढत रस्त्यावर फिरू नका. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि इतर कुठेही ११२ लावा. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला तर मदत लवकर पोहोचते.

निघण्याआधी दोन मिनिटं

गाडीचे मागचे दिवे लागतात का ते कोणाला तरी मागे उभं करून बघा. काच आतून-बाहेरून पुसा. ट्रॅक्टर-ट्रॉली, टेम्पो किंवा बैलगाडी घेऊन पहाटे रस्त्यावर येत असाल, तर मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. तिला वायरिंग लागत नाही, बॅटरी लागत नाही.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे निघायची वेळ बदलणं. पहाटे साडेचारला निघून ‘ट्रॅफिकच्या आधी’ पोहोचायचा बेत हिवाळ्यात तेवढा सोडून द्या. आठला निघालात तर ऊन पडलेलं असतं, आणि पुढे जाणारी ट्रॉली लांबूनच दिसते.