महागाई आणि शेतकऱ्याच्या घरची वर्षाची बेगमी

ज्याच्या शेतांत धान्य पिकतें त्यास धान्याच्या महागाईची झळ कशी लागणार, अशी शहरांतील लोकांची समजूत असते. एके काळीं ती बऱ्याच अंशीं खरी होती. आज ती तशी राहिलेली नाहीं. ज्या घरचें पंचवीस पोतीं सोयाबीन बाजारांत जातें, त्याच घरीं तेलाची पिशवी दुकानांतून येते. ज्या घरचा कापूस गाड्या भरून जिनिंगवर जातो, त्याच घरीं तुरीची डाळ अर्ध्या-पाव किलोनें विकत आणली जाते. पिकविणारा आणि विकत घेणारा हीं दोन्ही नातीं एकाच माणसाकडे आलीं असल्यामुळें शेतकऱ्यानें महागाईचा विचार नोकरदारापेक्षां निराळ्या रीतीनें केला पाहिजे. तो कसा करावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अलीकडचा अनुभव

गेल्या कांहीं वर्षांतील गोष्टी आमच्या वाचकांच्या स्मरणांत असतीलच. सन २०१५ च्या ऑक्टोबरांत तुरीच्या डाळीचा किरकोळ भाव किलोस दोनशें रुपयांपर्यंत चढला. तो भाव पाहून पुढील खरिपांत ज्यानें त्यानें तूर पेरली, पाऊसहि बरा झाला, आणि २०१७ च्या आरंभीं तीच तूर ५,०५० रुपयांच्या हमी भावाच्याहि खालीं गेली. खरेदी केंद्रांवर बारदान संपल्यामुळें गाड्यांच्या रांगा लागल्या. सन २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनमध्यें युद्ध पेटलें व सूर्यफुलाच्या तेलाची आवक अडली. पाठोपाठ एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात कांहीं आठवडे बंद केली. दूर देशींच्या या घडामोडींची झळ आमच्या खेड्यांतील चुलीपर्यंत येऊन पोहोंचली. २०२३ च्या जुलैंत टोमॅटो किलोस शंभर रुपयांच्या वर गेला.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट समान दिसते. भाव चढतो तेव्हां शेतकऱ्याच्या घरांत माल नसतो, आणि घरांत माल असतो तेव्हां भाव उतरलेला असतो. सुगीच्या महिन्यांत सर्वांचा माल एकदम बाजारांत येतो व देणेकरी दाराशीं उभे असतात, म्हणून सगळेंच विकलें जातें. पुढें तोच जिन्नस वाणी, गिरणी व दलाल यांचे खर्च व नफे अंगावर घेऊन परत आपल्याच घरीं येतो, आणि तोहि पुष्कळदां उधारीवर.

चुलीच्या उपयोगीं न पडणारीं पिकें

याचें एक कारण पीकपद्धतींत आहे. सोयाबीन आणि कापूस हीं पिकें पैसा देतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांचा चुलीला सरळ उपयोग होत नाहीं. सोयाबीनमध्यें तेल शेंकडा अठरा ते वीसच असतें. तें गांवच्या घाण्यावर परवडेल असें निघत नाहीं, त्यास मोठा कारखाना लागतो. सरकीच्या तेलांत गॉसिपॉल नांवाचें विषारी द्रव्य असतें, म्हणून तें शुद्ध केल्यावांचून खातां येत नाहीं. उलट करडई, भुईमूग, जवस, तीळ, तूर, हरभरा, ज्वारी हीं सर्व घरांतच खाण्याजोगीं होतात. मराठवाड्यांत व विदर्भांत सोयाबीन वाढत गेलें तसतशी ज्वारी व करडई मागें पडली. आज आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. २०२३-२४ च्या तेलवर्षांत ही आयात सुमारें १ कोटी ६० लाख टन होती. अशा स्थितींत परदेशांतील युद्ध, निर्यातबंदी किंवा आपल्याकडील आयात कर यांपैकीं कशांतहि फरक झाला कीं आपल्या कढईंतील तेल महाग होतें.

काटकसर कोठें करूं नये

महागाई आली कीं घरांत काटकसर सुरू होते. पण ती कोठें होते इकडे घरच्या कर्त्या पुरुषानें लक्ष दिलें पाहिजे. पहिल्यानें वरण पातळ होतें. मग दुधाचा सगळा रतीब डेअरीस जाऊं लागतो आणि मुलांच्या वाट्यास नुसता चहा येतो. भाजी मागाहून जेवणाऱ्यांस पुरत नाहीं, आणि आमच्या घरांतून मागाहून जेवणारी ती घरची बाई असते. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकूणपन्नास वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयानें ग्रस्त आढळल्या. याचा दोष एकट्या महागाईस देतां येणार नाहीं. परंतु डाळ, दूध व पालेभाजी यांत केलेली बचत पुढें दवाखान्यांत व्याजासकट द्यावी लागते, यांत संशय नाहीं. म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, बचत ताटांतून करूं नये. ती हिशोबांतून, शेतांतून व खरेदींतून करावी. घरीं दुभतें जनावर असल्यास मुलांपुरतें व गर्भिणीपुरतें दूध आधीं काढून ठेवावें आणि उरलेलें डेअरीस घालावें.

वर्षाचा ताळेबंद

बेगमीचा आरंभ हिशोबापासून होतो. आम्ही पांच माणसांच्या घराचें उदाहरण घेतों. वाचकांनीं आपल्या घराप्रमाणें आंकडे बदलून घ्यावेत.

धान्य : मेहनतीचें काम करणारीं मोठीं माणसें व मुलें मिळून वर्षाकाठीं सुमारें सहा क्विंटल ज्वारी, बाजरी, गहूं व तांदूळ लागतात. शिधापत्रिकेवर मिळणारें धान्य त्यांतून वजा करावें.

डाळ : रोज पाव किलो म्हटली तरी वर्षास ९१ किलो होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं माणशीं रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यांची शिफारस केली आहे. त्या मानानें पाव किलो हें प्रमाण कमीच आहे. उरलेली तूट हरभरा, मूग, मटकी व चवळी यांनीं भरून काढावी.

तेल : त्याच संस्थेनें सुचविलेलें प्रमाण माणशीं रोज २७ ग्रॅम आहे. पांच माणसांस वर्षाचें सुमारें ५० किलो तेल झालें. पुष्कळ घरांतून याहून अधिक तेल खर्चीं पडतें. जेथें तसें असेल तेथें तेलाची काटकसर अवश्य करावी. तींत पैसा व प्रकृति दोन्हींचा लाभ आहे.

मिरची, हळद, धणे, लसूण व कांदा यांचीहि अशीच यादी करावी. यादी करतांना घरच्या बायकांस विचारावें. कोणता जिन्नस किती लागतो व कोणत्या महिन्यांत संपतो, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक नसतें.

तूर

९१ किलो डाळीस सुमारें एक क्विंटल पस्तीस किलो तूर लागते. कोरडवाहू जमिनींत एकरीं तीन क्विंटल उतारा धरला, तर अर्ध्या एकराच्या आंत घरची डाळ निघते. त्यासाठीं निराळें शेत राखण्याचीहि गरज नाहीं. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी या शिफारस केलेल्या पद्धतीनें दीड एकर पेरल्यास तेवढी तूर मिळते. पाऊस लवकर उघडणाऱ्या भागांत बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बी.डी.एन. ७११ हा लवकर येणारा व मर रोगास दाद न देणारा वाण घ्यावा.

डाळ घरच्या जात्यावर होते. नाहीं तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें तयार केलेली लहान डाळगिरणी पुष्कळ गांवांतून बचत गटांनीं घेतली आहे, तेथें करून घ्यावी. सन २०२५-२६ च्या हंगामासाठीं तुरीचा हमी भाव क्विंटलास ८,००० रुपये ठरला होता. त्या भावानें १३५ किलो तूर १०,८०० रुपयांची होते, म्हणजे घरची डाळ किलोस ११८-११९ रुपयांस पडली; त्यावर भरडाई द्यावी लागेल, पण चुणी व कोंडा गोठ्यास मिळेल. स्वस्ताईच्या वर्षीं दुकानचा भावहि जवळपास इतकाच, किंवा कमीहि असूं शकेल. तेव्हां नफा दिसणार नाहीं. परंतु वर्षाच्या मध्यास डाळ किलोस पन्नास रुपयांनीं चढली, तर ९१ किलोंवर ४,५५० रुपयांचा बोजा टळतो. बेगमीची खरी किंमत ती हीच.

तेल

पाण्याची सोय असलेल्यांनीं भुईमूग करावा. कोरडवाहू काळ्या जमिनीच्या मालकांस रब्बींत करडईसारखें दुसरें पीक नाहीं; तिचें मूळ खोल जातें व मुरलेल्या ओलीवर ती येते. घाण्यावर शेंकडा पंचवीसच्या सुमारास तेल निघतें असें धरल्यास ५० किलो तेलास दोन क्विंटल बीं लागेल, म्हणजे साधारण एक एकराचें पीक. पेंड जनावरांस होते. काट्यांमुळें काढणीस मजूर मिळत नाहींत, ही तक्रार खरी आहे. परंतु आतां यंत्रानें काढणी होऊं लागली आहे, आणि फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेचा नारी-६ हा बिनकाट्यांचा वाणहि उपलब्ध आहे. घाण्याचें तेल फार दिवस ठेवल्यास खवट होतें, म्हणून बीं सांठवावें आणि दर दोन-तीन महिन्यांस लागेल तेवढेंच तेल काढून झांकणाच्या डब्यांत अंधारांत ठेवावें.

परस आणि बांध

पावसाळ्याच्या तोंडीं भाजी सर्वांत महाग असते, आणि त्याच वेळीं तांदुळजा, घोळ, कुर्डू, पाथरी, करटोलीं हीं आपोआप उगवतात. तणनाशक सरसकट मारल्यानें हा फुकटचा भाजीपाला नाहींसा होत आहे. ज्या शेताच्या बांधावर तणनाशक पडलें असेल तेथील पाला मात्र खाऊं नये. परसांत शेवग्याचीं दोन झाडें, कढीलिंब, दोडका, वाल व भोपळा यांचे वेल सांडपाण्यावर सहज होतात. उन्हाळ्यांत गवारीच्या शेंगा व मेथी वाळवून ठेवणें, सांडगे घालणें, हीं आजीच्या काळचीं कामें महागाईच्या दिवसांत पुन्हां उपयोगीं पडणारीं आहेत.

सांठवण

पिकविलेलें धान्य किडीनें खाल्लें तर बेगमीचा कांहीं अर्थ उरत नाहीं. दाणा दांताखालीं कडकन फुटेपर्यंत ऊन द्यावें व थंड झाल्यावर भरावा. कडधान्यांतील भुंगेरा अख्ख्या दाण्यावर अंडीं घालतो, म्हणून तुरीची डाळ लवकर करून ठेवणें हिताचें. हरभरा व मूग अख्खे ठेवावयाचे असल्यास किलोस पांच मिलिलिटर खाण्याचें तेल चोळावें. हवा न शिरणाऱ्या तीन पदरी पिशव्या मिळतात, त्यांत किडा गुदमरून मरतो.

येथें एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. धान्यांत घालण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरांत केव्हांहि वापरूं नयेत. त्यांतून निघणारा वायु जीवघेणा असून बंद खोलींत झोपलेलीं माणसें त्यानें दगावलीं आहेत. त्यावर खात्रीचा उतारा नाहीं.

जें विकत घ्यावें लागतें तें

साखर, चहा, मीठ व कित्येकांस तेलहि विकतच घ्यावें लागणार. तेथें डोळे उघडे ठेवावेत. तेल लिटरनें मोजलें आहे कीं किलोनें, हें आधीं पाहावें. एक लिटर तेलाचें वजन सुमारें ९१० ग्रॅम भरतें. १५ लिटरचा डबा म्हणजे पावणेचौदा किलोच्या आंतबाहेर, पंधरा किलो नव्हे. कांहीं पिशव्यांत ८५० ग्रॅम किंवा त्याहूनहि कमी तेल असतें. भाव तोच ठेवून वजन कमी करण्याची युक्ति बिस्किटें व साबण यांतहि दिसते. म्हणून प्रत्येक वस्तूचा भाव किलोवर आणून पाहावा. चार-पांच घरांनीं मिळून पुरें पोतें वा डबा रोखीनें घेतल्यास किरकोळींतला फरक वांचतो, आणि उधारीच्या वहींतला चढा भाव टळतो.

एक आक्षेप

कित्येक वाचक म्हणतील कीं, सोसायटीचें कर्ज मार्चांत भरावयाचें असतां माल घरांत ठेवावा कसा? आक्षेप रास्त आहे. परंतु वरील हिशोबांत घरासाठीं राखावयाची तूर दहा-अकरा हजारांची आहे. विकली तरी तितक्याच पैशांची डाळ पुढें घ्यावीच लागते. विकाऊ मालाविषयीं म्हणाल तर महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ सालापासून चालू आहे. बाजार समितीच्या गुदामांत सोयाबीन, तूर, हरभरा असा माल ठेवून किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज द. सा. द. शे. ६ व्याजानें १८० दिवसांसाठीं मिळतें. सर्वच समित्या ती सारख्या तत्परतेनें चालवितात असें नाहीं. तेथें शेतकऱ्यांनीं संचालकांस जाब विचारला पाहिजे.

सारांश, बाजारभाव आपल्या हातीं नाहीं, पण घरापुरतें धान्य, डाळ व तेल आधीं बाजूस काढून मग उरलेलें विकणें, हें आपल्या हातीं आहे. खरिपाची पेरणी ठरविण्यापूर्वीं एक संध्याकाळ घरच्या मंडळींसह बसून वर्षाची यादी करावी, आणि बियाण्याच्या यादींत तुरीच्या व करडईच्या चार ओळींस जागा द्यावी, इतकेंच आमच्या शेतकरी बंधूंस सुचवून हा लेख पुरा करितों.